एका पैशाला एक पान : बुद्धदेव बसू यांच्या वाङ्मयीन कामगिरीचा विचार

कलकत्त्यास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाचा बंगाली साहित्याशी परिचय बहुधा रवींद्रनाथांपासून सुरू होतो आणि शरद्बाबूंपाशी संपतो. हा दोष सर्वस्वी त्याचा नव्हे. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्या घरोघर वाचल्या गेल्या, आणि बंगाली साहित्य म्हणजे एवढेच अशी आपली समजूत झाली. त्यानंतरच्या पिढीला मराठीत तसा वरेरकर भेटला नाही. रवींद्रनाथांच्या हयातीतच बंगाली कवितेने दुसरे वळण घेतले होते, आणि ते वळण घेताना तिचे अर्धेअधिक सारथ्य एका तरुण अध्यापकाने केले होते, याची वार्ता त्यामुळे आपल्यापैकी फार थोड्यांपर्यंत पोचली. त्या अध्यापकाचे नाव बुद्धदेव बसू.

या गृहस्थांची कर्मभूमी आपल्या नित्याच्या वाटेवरच आहे. सियालदह स्थानकातून बाहेर पडून महात्मा गांधी रस्त्याने, म्हणजे पूर्वीच्या हॅरिसन रोडने, कॉलेज स्ट्रीटच्या रोखाने चालू लागले की लवकरच सुरेंद्रनाथ कॉलेज लागते. स्वातंत्र्यापूर्वी याचे नाव रिपन कॉलेज असे होते. १९३४ पासून १९४५ पर्यंत बुद्धदेव येथे इंग्रजी शिकवीत होते. विष्णु दे १९३५ साली येथेच अध्यापक म्हणून आले. एका बाजूस बैठकखान्याचा कागदबाजार, दुसऱ्या बाजूस कॉलेज स्ट्रीटची पुस्तकपेठ आणि पाठीशी सियालदहची वर्दळ, असे हे ठिकाण आहे. नवकवितेला जन्म घ्यावयास याहून कमी रमणीय आणि याहून अधिक सोयीची जागा शोधून सापडली नसती.

सियालदहचे या पिढीशी आणखीही एक नाते आहे. पूर्व बंगालातून कलकत्त्यास यावयाचे तर आगबोटीने ग्वालंदो गाठावे, तेथे रेल्वेत बसावे आणि सियालदहला उतरावे, असा त्या काळचा परिपाठ होता. फाळणीनंतर हेच स्थानक निर्वासितांच्या लोंढ्यांचे साक्षी झाले. बुद्धदेव १९०८ साली कुमिल्ल्यास जन्मले, ढाका विद्यापीठातून १९३१ साली इंग्रजीचे एम.ए. झाले आणि त्याच वर्षी कलकत्त्यास येऊन राहिले. जीवनानंद दास बारिसालचे. बंगाली नवकवितेतील कित्येक मोठी माणसे अशी पद्मेच्या पलीकडून आलेली होती. राजधानीत वडिलोपार्जित घर नसलेल्या माणसाने राजधानीच्या साहित्यात स्वतःचे घर बांधावे, ही गोष्ट गाव सोडून परमुलखात बिऱ्हाड थाटणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी विशेष समजावून सांगावी लागू नये.

ते घर म्हणजे ‘कविता’ हे त्रैमासिक. ऑक्टोबर १९३५ मध्ये त्याचा पहिला अंक निघाला. बुद्धदेव आणि प्रेमेंद्र मित्र संपादक होते, तर समर सेन त्यांचे साहाय्यक. नावाप्रमाणेच या नियतकालिकात कविता आणि कवितेविषयीचे लेखन एवढेच असावयाचे. गोष्टी नाहीत, राजकारण नाही, मासिकाच्या शेवटी उरलेली अर्धी जागा भरण्यासाठी कविता छापण्याची रूढ पद्धतही नाही. आपल्याकडील मासिकांत कवितेला पुष्कळ काळ लेखाच्या पायथ्याशी जागा मिळत असे. तीच स्थिती बंगालात होती, आणि ‘कविता’ने ती मोडली. कवितेला स्वतंत्र पान देणे ही मुद्रणाची बाब दिसते, पण ती मूलतः मूल्यमापनाची बाब आहे. ज्याला पूर्ण पान मिळते त्याच्याकडे पूर्ण लक्ष द्यावे लागते.

पहिल्या अंकात जीवनानंदांची कविता होती, आणि अंक वाचून रवींद्रनाथांनी संपादकांस जे पत्र पाठविले त्यात तिच्या चित्रमयतेचा आवर्जून उल्लेख केला. ‘बनलता सेन’ ही पुढे बंगाली वाचकांच्या ओठी बसलेली कविता १९३५ च्या डिसेंबरात येथेच प्रसिद्ध झाली. जीवनानंद त्या वेळी बारिसालच्या कॉलेजात शिकवीत होते. कलकत्त्याची नोकरी यापूर्वीच गेलेली, स्वभाव अबोल, कविता बहुतेकांना दुर्बोध आणि काहींना हास्यास्पद वाटणारी. अशा कवीमागे एका संपादकाने वर्षानुवर्षे उभे राहणे याचा अर्थ काय, हे ज्याने मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ या १९४७ सालच्या संग्रहावर उठलेले काहूर ऐकले आहे त्याला सहज कळेल. जीवनानंदांनी १९३६ चा ‘धूसर पांडुलिपि’ हा संग्रह बुद्धदेवांस अर्पण केला, तो उगाच नव्हे.

नियतकालिकाला जोडून ‘कविता भवन’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली, आणि रासबिहारी अ‍ॅव्हेन्यूवरील २०२ क्रमांकाचे राहते घर हेच तिचे कार्यालय झाले. १९४० साली सुभाष मुखोपाध्याय यांचा ‘पदातिक’ हा पहिला संग्रह येथून निघाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सुभाष हे साम्यवादी विचारांचे. कवितेला पक्षाच्या दावणीस बांधू नये हे बुद्धदेवांचे मत. तरीही त्या एकवीस वर्षांच्या मुलाचा संग्रह त्यांनी काढला. संपादकाची खरी परीक्षा आपल्या मताच्या कवींना जागा देण्यात होत नाही. आपले मत खोडून काढणारी कविता उत्तम असेल तर ती ओळखण्यात होते. त्या परीक्षेत बुद्धदेव उत्तीर्ण झाले.

यानंतर १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, त्यांनी ‘एक पयसाय एकटि’ ही पुस्तिकामाला सुरू केली. सोळा पानांची पुस्तिका आणि किंमत चार आणे. जुन्या हिशेबाने चार आण्यांचे सोळा पैसे, म्हणजे पानाला एक पैसा. ‘बनलता सेन’ हा जीवनानंदांचा संग्रह प्रथम निघाला तो याच मालेत, आणि त्यात अवघ्या बारा कविता होत्या. दहा वर्षांनी सिग्नेट प्रेसने त्याची वाढविलेली आवृत्ती काढली. तिचे वेष्टन सत्यजित राय यांनी केले होते. थोर कविता आधी पुस्तिकेतून आली आणि मग सुबक ग्रंथातून, हा क्रम लक्षणीय आहे. मोठा प्रकाशक मान्यता पावलेल्या कवीला घर देतो. लहान प्रकाशक कवीला मान्यता मिळेपर्यंत तगवून ठेवतो. दोघांचीही गरज असते, परंतु दुसरा नसेल तर पहिल्याला छापावयास काही उरत नाही.

आता अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. हे सर्व करणारा माणूस स्वतः कवी म्हणून कोठे उभा राहतो? बंगाली रसिकांत एक मत असे आढळते की, बुद्धदेव हे थोर संपादक, थोर समीक्षक आणि थोर अनुवादक. कवी मात्र दुय्यम. हे मत सोयीचे आहे. त्यामुळे माणसाचे चार तुकडे करून प्रत्येकाला वेगळा शेरा देता येतो. आमच्या मते हे तुकडे एकमेकांपासून वेगळे निघत नाहीत.

‘बंदीर बंदना’ हा १९३० सालचा संग्रह पाहावा. त्यात देहाच्या वासनेत कोंडलेल्या तरुणाचा आवेग आहे, उद्गार आहेत, शब्दांची उधळण आहे. रवींद्रनाथांविरुद्ध बंड पुकारले आहे, परंतु बंडाची भाषा पुष्कळदा रवींद्रनाथांचीच आहे. त्यानंतर ‘कंकावती’ (१९३७), ‘दमयंती’ (१९४३), ‘द्रौपदीर शाडि’ (१९४८) असे टप्पे घेत १९५८ च्या ‘जे आँधार आलोर अधिक’ या संग्रहापर्यंत आले की आवाज उतरलेला, वाक्य बोलीच्या जवळ आलेले, आणि भावना थेट न सांगता पुराणातील एखाद्या व्यक्तीच्या किंवा वस्तूच्या आधारे उभी केलेली दिसते. हे परिवर्तन केवळ वयाने घडलेले नाही. मधल्या पंचवीस वर्षांत या माणसाने दर तिमाहीस इतरांच्या कविता निवडल्या, नाकारल्या आणि मुद्रितांतून तपासल्या. दुसऱ्याच्या ओळीतील अनावश्यक शब्द ज्याला रोज खटकतो त्याला स्वतःच्या ओळीतील शब्द फार काळ निर्धास्त राहू देत नाही. १९५७ साली त्यांनी ‘मेघदूता’चा अनुवाद प्रसिद्ध केला आणि १९६१ साली बोदलेअरच्या कवितांचा. एकाकडून त्यांनी संयत बांधणी घेतली आणि दुसऱ्याकडून नगराच्या मलिन जीवनातही काव्य शोधण्याचे धैर्य. प्रकाशक, अध्यापक आणि अनुवादक यांनी मिळून हा कवी घडविला आहे.

तरीही निकाल स्पष्टपणे द्यावयास हवा. बुद्धदेव हे आपल्या पिढीतील सर्वश्रेष्ठ कवी नव्हते. तो मान जीवनानंदांचा आहे. जीवनानंदांच्या कवितेत जो अगम्य प्रदेश आहे तेथे बुद्धदेवांची जागरूक, सुशिक्षित प्रतिभा सहसा पोचत नाही. परंतु जीवनानंद श्रेष्ठ आहेत हे ओळखण्याचे शिक्षण बंगाली वाचकास ज्याने दिले तो बुद्धदेवच होता. १९५४ च्या ऑक्टोबरात त्याच रासबिहारी अ‍ॅव्हेन्यूवर ट्रामचा अपघात होऊन जीवनानंद गेले, तेव्हा ‘कविता’ने त्यांच्या स्मृतीचा स्वतंत्र अंक काढला. आपल्याला मागे टाकणारा कवी कोण हे ओळखणे, आणि ते चारचौघांत सांगणे, ही साहित्यातील दुर्मीळ गोष्ट आहे.

त्यांच्या रुचीला मर्यादा होत्या. मायकेल मधुसूदन दत्तांवरील त्यांची टीका अनेकांना अन्यायाची वाटली, आणि ती सर्वथा न्याय्य होती असे आम्हांसही म्हणवत नाही. इंग्रजीत कविता लिहिणाऱ्या भारतीयांच्या प्रयत्नास भवितव्य नाही असा निर्वाळा त्यांनी १९६३ साली एका विलायती कोशात दिला. त्याला उत्तर दिले ते याच शहरातील दुसऱ्या एका कवी-अध्यापक-प्रकाशकाने. सेंट झेवियर्स कॉलेजातील प्रा. पी. लाल यांनी १९५८ साली ‘रायटर्स वर्कशॉप’ स्थापन केले होते, आणि हातमागाच्या साडीच्या कापडात बांधलेली त्यांची पुस्तके पुढे प्रसिद्धीस आली. १९६९ साली त्यांनी इंग्रजीतून लिहिणाऱ्या कवींचा बृहत् संग्रहच काढला. निर्वाळा चुकला हे काळाने ठरविले. पण एकाने नाकारले आणि दुसऱ्याने छापून दाखविले, हा वादाचा प्रकार निरोगी म्हटला पाहिजे.

१९५६ साली बुद्धदेवांनी जादवपूर विद्यापीठात तुलनात्मक साहित्याचा विभाग उभारला. भारतात हा विषय स्वतंत्र विभाग म्हणून येथेच प्रथम उभा राहिला. कवी सुधींद्रनाथ दत्त तेथे शिकवावयास आले, आणि पहिल्या तुकडीत नवनीता देव सेन होत्या. १९६१ साली ‘कविता’ बंद पडले, १९६३ मध्ये त्यांनी जादवपूर सोडले. ‘तपस्वी ओ तरंगिणी’ या नाटकास १९६७ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘रात भ’रे वृष्टि’ या कादंबरीवर अश्लीलतेचा खटलाही झाला. खालच्या न्यायालयात दोषी ठरलेली ही कादंबरी १९७३ साली उच्च न्यायालयाने मुक्त केली. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये बुद्धदेव निवर्तले.

मराठीत या कामगिरीला जोड शोधावयाची तर पु. शि. रेगे यांचे नाव प्रथम सुचते. तेही कवी, तेही अध्यापक, आणि १९५४ ते १९६० या काळात ‘छंद’ त्यांनी ज्या व्रतस्थपणे चालविले ते ‘कविता’शीच नाते सांगणारे आहे. मात्र नवकवितेचा मोठा भार आपल्याकडे ‘सत्यकथे’सारख्या मासिकाने आणि मौज, पॉप्युलर यांसारख्या प्रकाशनांनी वाहिला, कवी लिहीत होता, घर दुसऱ्याचे होते. त्यामुळे आपल्या कवीला व्यवस्थेची निश्चिंती मिळाली, पण त्या घराशी न पटणाऱ्या कवीची पंचाईत झाली. साठोत्तरी लघुनियतकालिके त्या पंचाइतीतूनच निघाली. त्यांतील एक अग्रणी, आणि पुढे ‘प्रास प्रकाशना’तून अरुण कोलटकरांची कविता छापणारे अशोक शहाणे, हे बंगाली शिकलेले आणि बंगालीतून अनुवाद करणारे गृहस्थ आहेत. हा योगायोग आहे असे आम्हांस वाटत नाही.

परप्रांतात चार-पाच वर्षे काढणाऱ्या नोकरदारास तेथील भाषा बहुधा बाजारापुरती येते. बंगाली लिपी शिकावयास देवनागरी जाणणाऱ्याला महिनाभर पुरे, आणि निम्म्याहून अधिक शब्द तर ओळखीचेच निघतात. बदलीचा हुकूम आज ना उद्या येणारच. तो येण्यापूर्वी सियालदहहून कॉलेज स्ट्रीटपर्यंतचे अंतर एकदा पायी तोडावे, आणि बुद्धदेवांचा एक संग्रह व जीवनानंदांचा एक संग्रह अशी दोन पुस्तके बरोबर घ्यावी. दुसऱ्याचे वाचून झाले की पहिल्याचे उपकार कळतात. आणि मग पहिल्याची कविताही, उपकार बाजूस ठेवून, केवळ कविता म्हणून वाचता येते.