न मरणारी मांजरे

संगणकावरील संग्राह्य टोकनांविषयी बोलताना 'मागणीप्रमाणे पुरवठा आपोआप जुळवून घेणारे सूत्र' असा शब्दप्रयोग ऐकू येतो. 'सूत्र' म्हटले की विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा चटकन विश्वास बसतो. म्हणून असे एक गाजलेले सूत्र आम्ही तपासायला घेतले आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरच्या एका कंपनीने 'क्रिप्टोकिटीज' हा खेळ आणला. प्रत्येक टोकन म्हणजे चित्रातले एक मांजर. त्याची मालकी इथेरियम या सामायिक, कोणालाही तपासता येणाऱ्या खतावणीत नोंदलेली. दर १५ मिनिटांनी मूळ पिढीचे एक मांजर लिलावात येई. लिलाव उतरता. शेवटच्या पाच विक्रींच्या सरासरीची दीडपट हा सुरुवातीचा भाव. तो २४ तासांत सरळ रेषेत शून्यावर येई.

समजा, चार मांजरे ०.१ इथरला गेली आणि एका हौशी श्रीमंताने पाचवे १० इथरला घेतले. सरासरी २.०८, म्हणून पुढचा भाव ३.१२. बाकीचे लोक ०.१ च्या वर जायला तयार नसतील, तर भाव तेथवर उतरायला २३ तास १४ मिनिटे लागतात. तेवढ्यात आणखी ९२ मांजरे त्याच चढ्या भावाने लिलावात येऊन बसतात! म्हणजे सूत्राने हलवला तो भाव, पुरवठा नव्हे. गिऱ्हाईक असो वा नसो, तासाला चार, वर्षाला ३५,०४०.

खरा पुरवठा दुसरीकडून होता. मालकांना आपल्या मांजरांची पैदास करता येई. (यात नर-मादी भेद नव्हता, जीवशास्त्राच्या शिक्षकांनी क्षमा करावी.) दर प्रसूतीनंतर विश्रांतीचा काळ वाढे: आरंभी १ मिनिट, शेवटी ७ दिवस. त्यापुढे मात्र वाढ नाही, थांबणेही नाही. सगळी मांजरे सर्वांत मंद झाली आणि सर्वांच्या जोड्या लावल्या, तरी संख्या आठवड्याला दीडपट होते. १० आठवड्यांत सुमारे ५८ पट. इतकी पैदास कोणी करणार नाही, हे खरे. पण तो लगाम मालकांच्या कंटाळ्याचा आणि शुल्काचा होता, सूत्राचा नव्हे.

इस्त्रीतली द्विधातू पट्टी तापली की वाकते आणि विद्युतमंडल तोडते. तरीही इस्त्री थंड होते ती उष्णता बाहेर जाते म्हणून. या खेळात मांजराला मरणाची तरतूद नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये खेळाची गर्दी एवढी झाली की इथेरियमवरचे इतरांचे व्यवहार खोळंबले. त्या तेजीत जन्मलेली मांजरे मागणी ओसरल्यावरही शिल्लकच राहिली.

शिवाय मागणी व पुरवठा येथे स्वतंत्र नाहीत. तांदूळ जास्त पिकला म्हणून भाताची चव बिघडत नाही. संग्राह्य वस्तू लोक घेतात ती दुर्मीळ म्हणून. मागणीपाठोपाठ पुरवठा वाढवला की जिच्यासाठी मागणी होती ती गोष्टच पातळ होते. हा दोष आकडे बदलून जाणारा नाही.

२०२२ मध्ये पॅराडाइम या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने वेगळी पद्धत मांडली. तीत विक्रीचे वेळापत्रक आधी ठरते. विक्री पुढे गेली तर भाव चढतो, मागे पडली तर उतरतो. आम्हाला ही भूमिका अधिक सरळ वाटते, कारण ती पुरवठा मागणीमागे धावल्याचा आव आणत नाही. मात्र विकलेले टोकन तिलाही परत घेता येत नाही.