चांगली वस्ती, चांगली शाळा

गावाला नाव असते, आणि गावाचे ‘नाव’ही असते. पहिले रेल्वेच्या पाटीवर वाचता येते. दुसरे कोणी दिले, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

डोंबिवली ‘सांस्कृतिक नगरी’ म्हणून ओळखली जाते. गिरगाव-दादरच्या चाळींत जागा पुरेना, तेव्हा तिथला पांढरपेशा वर्ग येथे आला. त्याने वाचनालये, व्याख्यानमाला, शाळा उभ्या केल्या. २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही येथे भरले. हे काम खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. पण चार स्टेशने पुढच्या उल्हासनगरात फाळणीने उखडलेल्या सिंधी निर्वासितांनी लष्करी बराकींत संसार मांडले, उद्योग उभे केले. त्यांच्या वाट्याला ‘मेड इन यूएसए’ हा विनोद आला. कारकुनाचे वाचन संस्कृती ठरले आणि निर्वासिताचे कसब नक्कल ठरले! खुद्द डोंबिवलीच्या वर्णनातही तिची एमआयडीसी येत नाही. तिथल्या कारखान्यांत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये स्फोट होऊन माणसे मेली, तेवढ्यापुरती ती वर्तमानपत्रात आली. लौकिक असा निवडून घडवलेला असतो.

शाळांचा लौकिक याच कारखान्यात घडतो. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की शाळेच्या फाटकावर फलक झळकतो, आणि शाळा ‘चांगली’ म्हणून आसपासच्या घरांचे भावही चढतात. या शंभरात कोण नाही? नववीत कच्चा ठरलेला मुलगा नाही. पालकांना बोलावून, गोड बोलून, त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावलेला असतो. तो बाहेरून बसतो. नापास झाला तर तो त्याचा एकट्याचा निकाल, शाळेचा नव्हे. घरी शिकलेली आई, खाजगी शिकवणी, अभ्यासाला वेगळी खोली असलेली मुले घ्यायची, त्यांना पुढे ढकलायचे आणि श्रेय आपण घ्यायचे, याला अध्यापन म्हणायचे की चाळण? उलट पालिकेच्या शाळेत नाक्यावरच्या मजुराची, घरकाम करणाऱ्या बाईची पोर येते. ती अक्षरओळखीपासून सातवीच्या पुस्तकापर्यंत पोचली तर शिक्षकाने तिला किती लांब आणले, हे मोजण्याची पट्टी आपल्याकडे नाही. त्या शाळेचे नाव मात्र तिच्या मुलांच्या आडनावांवरून आणि पत्त्यांवरून ठरून गेलेले असते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर जातो, हे मांडले होते. वरून शिक्षण झिरपत खाली येईल, हा समज त्यांना मान्य नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांतही प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या, मुलांची व पालकांची मुलाखत घेण्यास बंदी घातली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. म्हणजे जवळ तुमची शाळा आहे ना, तिथेच जा. शहरी वस्तीत अशी शाळा नसलेला किलोमीटर शोधावाच लागेल! मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला. पण अंतर किलोमीटरमध्ये सांगून वर्णाची वेस नव्याने कशी आखता येते, ते तेवढ्यात दिसून गेले.

हे सगळे ‘त्यांच्या’बद्दल बोलून थांबणे सोयीचे आहे. आरक्षणातून नोकरीला लागलेला आपला वर्गही फ्लॅट घेताना ‘वस्ती कशी आहे?’ असे विचारतो. ज्या वस्तीत तो वाढला, तिच्याविषयी हाच प्रश्न कोणी विचारला असता तर तो चिडला असता. मुलाला फलकवाल्या शाळेत घालण्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पहिल्या पिढीने पोराच्या भवितव्यावर प्रयोग का करावा? पण पालिकेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. तिथे दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या आया अहवालावर सह्या करून जातात. अर्थसंकल्पातला आकडा वाचणारा, विज्ञानाचा शिक्षक दोन वर्षे का नाही असे लेखी विचारणारा पालक त्या बैठकीत नसतो, कारण त्याचे मूल त्या शाळेत नसते.