रोगसुत्ताचा विपर्यास

अंगुत्तर निकायातील रोगसुत्तात कायिक व चेतसिक असे दोन रोग सांगितले आहेत; क्षणभरही चेतसिक रोगापासून मुक्त असणारा, क्षीणास्रवाखेरीज, दुर्मीळ. याच आधारे काही प्रवचनकार कुमारवयातील चिंताविकार व नैराश्य हे तृष्णेचे फळ ठरवितात. हा अर्थ ग्राह्य नाही. क्षीणास्रवाचा अपवादच सांगतो की येथे रोग म्हणजे क्लेश. मनोविकार त्याहून निराळा, हे विनयाला ठाऊक होते. म्हणूनच उम्मत्तक भिक्खूस आपत्ती नाही. आजारी मुलाला दोष देणारे आपण विनयाहूनही कठोर झालो की काय?

सोल्मी व सहकाऱ्यांच्या २०२२ मधील विश्लेषणानुसार मनोविकार जडलेल्यांपैकी ३४.६ टक्के लोकांत त्याचा आरंभ चौदाव्या वर्षापूर्वीच होतो. मात्र संशोधनाचीही बाजू लंगडी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के प्रमाण नोंदविले. त्यातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मोडनिंबच्या शाळेतील मुलीविषयी हा आकडा काय सांगणार? चार आर्यसत्यांची रूढ मांडणी माणसाला आशा नाकारते, असा आक्षेप बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथाच्या प्रास्ताविकातच घेतला होता. तो न वाचता या मुलीस केवळ ध्यानाला बसविणे म्हणजे तिला वैद्याविना ठेवणे होय.