नगराची प्रतिमा आणि नदीची पातळी : केव्हिन लिंच यांच्या मीमांसेची सातारा-सांगलीच्या संदर्भात चिकित्सा

केव्हिन लिंच यांचा 'द इमेज ऑफ द सिटी' हा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. नगररचनेच्या विचारात मानसशास्त्राला मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या ग्रंथांत त्याची गणना होते, आणि ती रास्तच होय. रस्त्यांची रुंदी व वस्तीची घनता यांपलीकडे जाऊन, नगरवासी आपले नगर मनात कसे धारण करतो, हा प्रश्न लिंच यांनी उपस्थित केला. बोस्टन, जर्सी सिटी व लॉस एंजेलिस येथील रहिवाशांच्या मुलाखती घेऊन त्यांनी मार्ग, कड, विभाग, संगमस्थान आणि खूण अशी नगरप्रतिमेची पाच अंगे निश्चित केली. या मुलाखती अवघ्या साठ, आणि त्याही बहुतांशी सुस्थित व्यावसायिक वर्गाच्या. पण ही उणीव ग्रंथातच मान्य केलेली असल्यामुळे तिच्यावर बोट ठेवण्यात स्वारस्य नाही. नगराची प्रतिमा जवळजवळ स्थिर असते, हे या मीमांसेतील गृहीत मात्र कृष्णाकाठी तपासून पाहण्याजोगे आहे.

सातारा हे नगर लिंच यांच्या सिद्धान्ताला जणू उदाहरण म्हणूनच वसविले असावे. अजिंक्यतारा ही खूण गावातून बहुतेक ठिकाणांहून दिसते. वारांच्या नावांच्या पेठा हे विभाग. राजवाडा व पोवई नाका ही संगमस्थाने, आणि त्यांना जोडणारा राजपथ हा मार्ग. परक्या माणसालाही येथे दिशाभ्रम सहसा होत नाही. तथापि अजिंक्यतारा ही केवळ दिशादर्शक टेकडी नव्हे; शाहू महाराजांची राजधानी म्हणून तिला जो अर्थ आहे, तो लिंच यांनी अभ्यासाच्या सोयीसाठी बाजूला ठेवला होता. पुढे या ग्रंथाचे पुनरावलोकन करताना ही त्रुटी त्यांनी स्वतःच मान्य केली. २०२१ साली पोवई नाक्यावर भुयारी मार्ग वाहतुकीस खुला झाला. त्याने वाहनांची कोंडी किती सुटली, हे अभियंत्याने मोजावे. पण संगमस्थानाच्या खालून जाणाऱ्याला किल्ला दिसत नाही, आणि नाका हा थांबण्याचा न राहता ओलांडण्याचा होतो, ही गोष्ट वाहनांच्या मोजणीत कोठेच येत नाही.

सांगलीत मात्र ही मीमांसा अडखळते. लिंच यांच्या परिभाषेत नदी ही 'कड', म्हणजे जेथे नगर संपते ती रेषा. कृष्णेला ही व्याख्या मान्य नाही. पावसाळ्यात ती पात्र सोडून पेठांत शिरते, आणि मग नगराचा नकाशा आडवा न राहता उभा होतो. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हे त्या नकाशाचे मोजमाप. सखल भागातील दत्तनगराला पाणी कोणत्या फुटाला लागते आणि मारुती चौकात ते कधी पोहोचते, हे जुना सांगलीकर तोंडपाठ सांगतो. अंतर आणि दिशा यांऐवजी उंची हे जिचे मुख्य अंग आहे, अशी प्रतिमा लिंच यांच्या पाच अंगांत बसत नाही. त्यांत एका सहाव्या अंगाची भर घालावी लागेल.

पण ही प्रतिमा सूक्ष्म असली तरी विश्वसनीय असतेच असे नाही. रॉबर्ट केट्स यांनी १९६२ साली अमेरिकेतील पूरक्षेत्रांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की माणूस आपल्या अनुभवाचा बंदिवान असतो. पाहिलेल्या पुराहून मोठा पूर त्याला कल्पिता येत नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ साली पाणी सुमारे ५४ फुटांपर्यंत चढले, आणि तीच उंची अनेकांच्या मनात शेवटची पायरी होऊन बसली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ज्यांचे घर २००५ साली कोरडे राहिले, त्यांपैकी कित्येकांनी सामान हलविले नाही, ते निष्काळजीपणामुळे नव्हे. त्यांच्या स्मृतीने त्यांना दिलेला निर्वाळाच तसा होता. येथे लिंच अपुरे पडतात, आणि केट्स यांची मदत घ्यावी लागते. नगरवासीयाच्या मनातील नकाशा समजून घेणे हे मानसशास्त्राचे अर्धे काम. तो कोठे चुकतो हे दाखविणे हे उरलेले अर्धे, आणि अधिक अप्रिय. 'सुवाच्य' नगर हे सुरक्षित नगर असेलच, हा ग्रंथाचा एकंदर सूर सांगलीपुरता तरी स्वीकारता येत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा विकास आराखड्यापूर्वी विद्यमान जमीन-वापराचा नकाशा तयार करावयास सांगतो. पूररेषाही निळ्या व तांबड्या रंगांत आखल्या जातात. परंतु कागदावरील तांबडी रेषा आपल्या दाराच्या कोणत्या पायरीपाशी येते, हे तेथे राहणाऱ्याला तिच्यावरून उमगत नाही. १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात अध्यापन करणारे पॅट्रिक गेडीस नगराचा आराखडा करण्यापूर्वी त्याच्या गल्ल्या पायी तुडवीत. सांगलीच्या गल्ल्यांत आज तसे हिंडणाऱ्याने हातात टेप घ्यावी, प्रत्येक चौकातील भिंतीवर २००५ व २०१९ या दोन्ही पुरांच्या खुणा रंगवाव्यात, आणि त्यांच्या वर, अजून न आलेल्या पाण्यासाठी, एक कोरी रेघ ओढावी.