आवृत्ति कोणती?

हल्लींच्या प्रबंधांतील संदर्भसूचींत स्वल्पविराम व तिरके ठसे यांवर जितकी मेहनत झालेली दिसते, तितकी 'आवृत्ति कोणती?' या प्रश्नावर दिसत नाहीं. 'महाभारत, भीष्मपर्व, अध्याय २५' एवढ्यावरून वाचकानें काय समजावें? प्रचलित प्रतींत गीतेचा आरंभ त्या अध्यायीं होतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तींत तो २३ व्या अध्यायीं आहे. तेथें २५ वा उघडावा, तों अर्जुनाचा विषाद शोधणारा थेट कर्मयोगांत जाऊन पडतो! आणि हें कोठें, तर पुण्यांत! येथेंच डॉ. सुकथनकरांनीं १९३३ सालीं पूर्ण झालेल्या आदिपर्वांत हस्तलिखितांना लिपिवार संकेताक्षरें देऊन पाठभेद तळाशीं नोंदविले. संपादकाचा निर्णय न पटल्यास वाचकानें तो स्वतः तपासून पाहावा, एवढी मोकळीक त्यांनीं ठेविली. म. म. काण्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास तर १९३० ते १९६२ पर्यंत पांच खंडांत निघाला. खंड व पृष्ठ वगळून त्याचें नुसतें नांव देणें म्हणजे पाहुण्यास 'सदाशिव पेठ' एवढाच पत्ता सांगणें होय. मग 'काणे, पां. वा.' लिहा कीं 'पां. वा. काणे' लिहा; सर्वत्र एकच रीत राखिली, तर आमची तक्रार नाहीं.