थेंबाचा मुकुट आणि छायाचित्राची वस्तुनिष्ठता

द्रवाच्या थेंबांच्या अतिवेगवान छायाचित्रणातील दोन टप्प्यांची तुलना करून, छायाचित्र निवड करीत नाही या रूढ समजाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन १८७० च्या दशकापासून अंधाऱ्या खोलीत पाऱ्याचे व दुधाचे थेंब काचेवर पाडीत आणि विजेच्या ठिणगीच्या उजेडात निमिषमात्र दिसलेला आकार कागदावर उतरवीत. ही रेखाटने अत्यंत सुबक व सममित होती. १८९४ मध्ये त्यांना छायाचित्रे घेता आली आणि शिंतोड्याची कडा दंतुर, विषम असल्याचे उघड झाले. विषम आकार अपघाती मानून आपण बाजूला सारले होते, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले.

लॉरेन डॅस्टन व पीटर गॅलिसन यांनी ‘ऑब्जेक्टिव्हिटी’ (२००७) या ग्रंथाचा आरंभच या घटनेने केला असून तीत यांत्रिक वस्तुनिष्ठतेकडे वळलेली दृष्टी पाहिली आहे. विवेचन मूलगामी आहे. तथापि वर्दिंग्टन यांच्या छायाचित्रांतील प्रत्येक क्षण वेगळ्या थेंबाचा आहे. एका शिंतोड्याचा वाटणारा तो क्रम वस्तुतः अनेक थेंबांतून जुळविलेला आहे. जुळणी कॅमेऱ्याची नव्हे, अभ्यासकाची!

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांचे उदाहरण याहून बोलके आहे. आपण कलावंत नव्हे, अभियंते आहोत असे ते आग्रहाने सांगत. मात्र त्यांचे दुधाच्या थेंबाचे चित्र १९३७ मध्येच न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील प्रदर्शनात मांडले गेले होते. त्यानंतरही ते वर्षानुवर्षे थेंब पाडीत राहिले. १९५७ च्या विख्यात रंगीत चित्रात तांबड्या पृष्ठभागावर दुधाचा पांढरा मुकुट उमटला आहे. केवळ माहितीच हवी असती, तर इतकी वर्षे इतक्या नीटस मुकुटाचा ध्यास कशासाठी? वर्दिंग्टन यांनी छायाचित्रामुळे सोडलेली सममिती एजर्टन यांच्याकडे छायाचित्राच्याच मार्गाने परत आली. पहिल्याने विषम शिंतोडे रेखाटताना वगळले, दुसऱ्याने चित्रे निवडताना. निवडीचे स्थान बदलले, एवढेच.

अर्थात एजर्टन यांच्या चित्रात लबाडी नाही. मुकुटाच्या टोकांमधील अंतरे आणि त्यांवरील थेंबांचे आकार बारकाईने पाहिले, तर तेथेही तंतोतंत सारखेपणा आढळत नाही. तो पाहणाऱ्याच्या मनात पूर्ण होतो. पृष्ठताण शिकविताना हे चित्र वर्गात दाखवायचे झाल्यास त्याशेजारी वर्दिंग्टन यांचे एखादे वेडेवाकडे छायाचित्रही ठेवावे आणि टोके विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावीत.