मायोरीत शूट झालेली सिसिली

रोबेर्तो रोसेलिनीच्या ‘पायसा’ (१९४६) या सिनेमात सहा गोष्टी आहेत. पहिली सिसिलीतली. अमेरिकन सैनिक रात्री किनाऱ्यावरच्या एका गावात शिरतात आणि कार्मेला नावाची मुलगी त्यांना सुरुंग चुकवत वाट दाखवते. हे शूट झालं मात्र मायोरीत. म्हणजे नेपल्सच्या दक्षिणेला, सालेर्नोच्या आखातावर. मी मायोरीला गेले ती केवळ यासाठी. लिंबाचं सरबत वगैरे नंतर आलं.

गंमत अशी, की मायोरीचं स्वतःचं एक ‘लँडिंग’ होतं. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीच्या शस्त्रसंधीची घोषणा झाली आणि दुसऱ्याच पहाटे दोस्तांच्या फौजा या आखातात उतरल्या. दक्षिणेला पेस्टमच्या ग्रीक देवळांसमोर अमेरिकन, सालेर्नोजवळ ब्रिटिश, आणि मायोरीच्या पुळणीवर अमेरिकन रेंजर्स. रेंजर्सना किनाऱ्यावर फारसा विरोध झाला नाही. ते थेट डोंगर चढून किउन्झीच्या खिंडीत गेले आणि तिथेच चिकटून राहिले. खरा कहर झाला तो सेले नदीच्या सपाटीवर. जर्मनांचा प्रतिहल्ला इतका आत घुसला, की जनरल मार्क क्लार्क माघारीचा विचार करू लागला होता. त्या लढाईनंतर ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या इथल्या दफनभूमीत १८०० हून जास्त थडगी उभी राहिली.

यातलं काहीच या पहिल्या गोष्टीत नाही. लढाई पाहिलेल्या किनाऱ्याला रोसेलिनीने दुसऱ्या लढाईचं सोंग दिलं. ही फसवणूक आहे का? मला वाटतं, आहे. पण इन्स्टाग्रामवरची मायोरी बघा. जागा शंभर टक्के खरी, लोकेशन टॅगसकट. छत्र्या, निळं पाणी, पिवळी लिंबं. माणूस फक्त रील काढणारा. शेजारच्या चेतारात मासेमार अजून खारवलेल्या मांदेलीसारख्या मासळीवर वजन ठेवून, महिनोन्‌महिने मुरवून, थेंबथेंब रस गाळतात. त्याचंही रील होतं, पण बाटलीचं. रोसेलिनीकडे जागा खोटी आहे, माणसं नाहीत.

कार्मेला आणि जो हा सैनिक एका पडक्या मनोऱ्यात बसतात, तो प्रसंग घ्या. तिला इंग्रजी येत नाही, त्याला इटालियन. तो बोलतो, ती चुकीचं समजते, मग दोघं एकेका शब्दाला धरून पुढे सरकतात. युद्धपटांत दुभाषी सोयीने हजर असतो. इथे तो पलटणीबरोबर निघून गेलाय. समुद्र खिडकीबाहेर आहे, पण कॅमेरा त्याला ‘व्ह्यू’ होऊ देत नाही. समुद्राकडून शत्रू येतो, मित्रही येतो, आणि काळोखात दोन्ही सारखेच दिसतात.

शेवट मला थोडा ओढून आवळलेला वाटतो. जो मरतो. कार्मेला त्याची बंदूक उचलून जर्मनांवर झाडते. परतलेले अमेरिकन मात्र तिनेच दगा दिला असं समजून शिवी हासडतात, आणि मग आपल्याला खडकांवर तिचं प्रेत दिसतं. ती शिवी नसती तरी चाललं असतं. खडक पुरेसे होते.

मी तो काठ शोधायला गेले खरी. पण १९५४ च्या ऑक्टोबरात या आखाताच्या गावांवर पूर कोसळला, ३०० हून जास्त माणसं गेली, आणि मायोरीचा समुद्राकडचा भाग पुढे नव्याने बांधला गेला. आज तिथे सिमेंटच्या इमारती आहेत, भाड्याच्या खुर्च्या आहेत. जुनी मायोरी थोडीफार उरली असेल तर ती या खोट्या सिसिलीत.

फोनवर बघणार असाल तर ब्राइटनेस पूर्ण वाढवा आणि रात्री बघा. मनोऱ्यातला प्रसंग इतका अंधारा आहे, की जो घरच्यांचा फोटो दाखवायला लायटर पेटवतो तेव्हा आपल्यालाही पहिल्यांदाच नीट दिसतं. बाहेरच्या जर्मनालाही तेव्हाच दिसतं.